काढून टाकलेली तपासणी

माजिवड्याच्या त्या छोट्या कंपनीत मला चिकटवलं ते दादाने. सख्खा नव्हे, डोंबिवलीत आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा, माझ्याहून बराच मोठा, आणि त्या कंपनीत आधीपासून. कंपनी शीतगृहांसाठी तापमान दाखवणारी मशीन बनवायची. सेन्सरकडून येतात ते नुसते बाइट, ओळीने लागलेले छोटे आकडे. त्यातला आतल्या तापमानाचा कुठला, ठरवून दिलेल्या तापमानाचा कुठला, दार उघडं की बंद याचा कुठला, हे त्यांच्यावर लिहिलेलं नसतं. ते आपण ठरवायचं.

एकेक आकडा उचलून दुसरीकडे कॉपी करत बसलं की आमची स्वस्तातली चिप दमायची. म्हणून दादाने शिकवलेलं, बाइट हलवायचेच नाहीत. आहेत तिथेच ठेवून त्यांच्याकडे थेट तापमान म्हणून, दार म्हणून बघायचं.

"पण आधी खात्री कर," तो म्हणालेला. "लांबी बरोबर आहे का, सुरुवात योग्य जागी आहे का, दाराच्या जागी शून्य किंवा एकच आहे का. नाहीतर बाइट खरे आणि आपण खोटे."

मी तशी तपासणी लिहिली. काही जुळलं नाही तर स्क्रीनवर आकडा यायचाच नाही.

आमचं एक मशीन खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींकडे बसवलं. सुनांना हाताशी घेऊन त्यांनी मासळीसाठी छोटं शीतगृह उभं केलेलं. त्या सारख्या दार उघडून आत हात घालून बघायच्या. मीच त्यांना समजावलं की त्याने गारवा जातो, आकडा बघत जा, पुरे.

गणपतीनंतर एका सकाळी त्यांचा फोन आला. आतलं कूलिंग बंद पडलेलं, सगळी मासळी खराब झालेली, आणि स्क्रीनवर आकडा मात्र जसाच्या तसा. मी गेले तेव्हा वास रस्त्यापर्यंत येत होता. मावशी ओरडल्या नाहीत.

"तू सांगितलंस म्हणून मी दार नाही उघडलं," एवढंच म्हणाल्या.

कारण दुपारपर्यंत कळलं. मावशींच्या मशीनला लावलेले नवीन सेन्सर सुरुवातीलाच एक बाइट जास्त पाठवत होते. त्यामुळे पुढचं सगळं एकेक घर सरकलं, आणि आतल्या तापमानाच्या जागी ओळीतलं त्याच्या आधीचं, मावशींनी ठरवून दिलेलं तापमान येऊन बसलं. म्हणजे आत किती आहे ते नाही, किती हवं ते स्क्रीन दाखवत राहिली. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, कोडचा हा भाग कोणाचा. दादाने मान वर केली नाही.

"तिचा आहे," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. मी सगळ्यांसमोर माफी मागितली. मग जागेवर येऊन कोड उघडला, तर त्यात माझी तपासणीच नव्हती. माझ्याशिवाय त्या भागाला हात लावणारा एकच माणूस होता.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्याच्या गाडीतून घरी निघालो. शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मी विचारलं.

"हो, मीच काढली," तो म्हणाला. "डेमोला नवीन सेन्सर लावलेले. तुझी तपासणी काहीच आत घेईना, स्क्रीन कोरी. ती काढली, आकडे आले."

"आत घेईना म्हणजे ती बरोबरच सांगत होती ना, दादा?"

त्याने गाडी जरा पुढे घेतली. मग हळूच म्हणाला, "तुला दुसरीकडे मिळेल गं नोकरी. माझ्या मागे घर आहे."

मी तिथेच उतरले आणि रिक्षा केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. दादा जुना माणूस आहे, आता विषय वाढवू नकोस, म्हणाले. मी जास्तीच्या बाइटची चूक दुरुस्त केली, तपासणी परत घातली, सगळ्या मशीनवर पोहोचली याची खात्री केली आणि राजीनामा दिला. मग कोळीवाड्यात जाऊन मावशींना सगळं खरं सांगितलं. आता काही चुकलं तर आकड्याऐवजी रेघ दिसेल, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि सुनेला स्क्रीन भिंतीवरून काढायला सांगितली.

नोकरी मिळाली मला, दादा म्हणालेला तशीच. इमारतीच्या जिन्यात तो अजून भेटतो. मला बघून तोच आधी बाजूला होतो. दिवाळीला वहिनी फराळाचा डबा घेऊन आल्या, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. आईने डबा घेतला, त्यांना बसवलं. मी आतल्या खोलीत दार लावून बसले, आणि त्या जाईपर्यंत बाहेर आले नाही.