दगडावरची शेवटची ओळ

आमचं आडनाव इंग्रजी आहे. ते मी इथे लिहिणार नाही. भारतात ते लावणारं माझ्या माहितीत एकच घर आहे आणि ते यवतमाळात आहे. लिहिलं, तर आमच्याबद्दल लपवण्यासारखं काही उरणार नाही.

शाळेत दर जूनला एखादी नवी टीचर यायची. हजेरी घेताना माझ्या नावापाशी आली की तिचा आवाज जरा बदलायचा, शब्द नीट तोंड भरून उच्चारला जायचा, आणि मग ती मान वर करून वर्गात कोणाला तरी शोधायची. मी हात उचलायची, पण कानाच्या वर नाही. "यू?" ती विचारायची. "येस मिस," म्हणून मी बसायची. आता मी एका लॅबमध्ये रक्ता-लघवीचे रिपोर्ट टाइप करते. गळ्यातलं ओळखपत्र वाचून पेशंट विचारतात, "मॅडम, तुमी भायेरच्या का?" मी सांगते, आर्णी रोडची. ओळखपत्र मी बहुतेक वेळा उलटं फिरवून ठेवते.

बाबांचं असं नव्हतं. ते लोहाऱ्याच्या एमआयडीसीत फिटर होते, आणि तिथे सगळे त्यांना लॉर्ड म्हणायचे. "लॉर्डसाब, चौदाचा पाना द्या जरा." बाबा पाना द्यायचे आणि खूश व्हायचे. आमचा मूळपुरुष इंग्लंडहून आला, हे त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलं होतं. तो काय म्हणून आला, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून असायचं. रेल्वेतला माणूस भेटला की तो इंजिन ड्रायव्हर असायचा, शाळामास्तर भेटला की पाद्री.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, नर्स म्हणून निवृत्त झालेली. ती म्हणायची, "आरशात पाह्यलं का कदी? आपल्यात सायेब कुठी दिसते तुले?"

"इथचं ऊन हाय अक्का. चार पिढ्या उनात वाळवा कोनाले बी."

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी लॅबमध्ये काम नव्हतं, म्हणून मी मोबाइलवर आमचं आडनाव टाकलं. इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या एका म्हाताऱ्या माणसाने फक्त त्या एका आडनावासाठी वेबसाइट चालवली होती. ते आडनाव त्याचंही होतं. त्याने लिहिलं होतं की हे नाव एका वाडीवरून आलं. पाणथळ जमिनीतल्या उंचवट्यावर चार-दोन घरं होती, त्यांना लोक या नावाने ओळखत. वाडी कधीच उठली, ती जागा आता एका शेताचा कोपरा आहे. पण तिथून निघालेली माणसं जवळपासच्या तीन गावांत पसरली, आणि शेकडो वर्षं तिथेच राहिली. त्याने जुन्या नोंदींवरून नकाशे काढले होते. पहिल्या नकाशात तीन गावांवर ठिपक्यांचा घोळका. पुढच्यात काही ठिपके उत्तरेकडच्या गिरण्यांच्या शहरांत गेलेले. त्यापुढच्यात घोळका विरळ. शेवटचा नकाशा जगाचा होता. त्यात इंग्लंडमध्ये थोडे ठिपके, कॅनडात दोन, आणि भारताच्या बरोबर पोटात एक. त्यावर बोट ठेवलं की 'यवतमाळ' अशी अक्षरं यायची. पुढे प्रश्नचिन्ह. विद्यापीठाच्या कुठल्या तरी निकालाच्या यादीतून त्याला आम्ही सापडलो होतो. म्हणजे मीच सापडले होते.

मी ते बाबांना दाखवलं. दाखवायला नको होतं.

बाबांनी चष्मा लावला, ठिपका पाहिला. मग वंशवृक्ष उघडायला सांगितला. त्यात एका फांदीवर पाच भावंडं होती आणि त्यातल्या धाकट्या भावासमोर लिहिलं होतं की तो हिंदुस्थानात गेला, पुढची माहिती नाही. बाबांनी त्याच्यावर बोट ठेवलं तसं ते नाव मोठं होऊन पडदाभर पसरलं.

"हाच," ते म्हणाले.

"बाबा, कशावरून?"

"मंग तो गेला कुठी? अन् आपन आलो कुठून?"

आई आतून म्हणाली, "सायबाचे नातेवाईक, आधी दळन आना. गिरनी बंद होते."

बाबांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. उत्तर चार दिवसांत आलं. तो माणूस ऐंशीच्या पुढचा होता, मूलबाळ नव्हतं. त्याच्या फांदीवर तो शेवटचा होता. तुम्ही आमचे निघालात तर मला फार आनंद होईल, असं त्याने लिहिलं होतं, आणि त्याच्या खाली, पण कागद पाहिजे, तुमच्या चर्चचं जुनं रजिस्टर पाहा. मी दोन्ही वाक्यं बाबांना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी पहिलंच ऐकलं. मला भाऊ नाही. बाबांनंतर हे नाव माझ्यापाशी थांबणार, हे त्यांना माहीत होतं. बहुधा म्हणूनच त्यांना ते मागच्या बाजूने तरी कुठेतरी जोडून हवं होतं.

आजोबांच्या कबरीवर नुसता सिमेंटचा क्रूस होता. बाबांनी काळा दगड करायला टाकला. दगड घडवणारे चाचा मुसलमान, उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्ही कोरतात. बाबांनी लिहून दिलेला कागद त्यांनी लांब धरून वाचला. आजोबांचं पूर्ण नाव, तारखा, शास्त्रातलं वचन, आणि सगळ्यात खाली ती ओळ. मूळ गाव अमुक, लिंकनशायर.

"ये कौनसे तालुके में आता, लॉर्डसाब?"

"इंग्लंड हाय ते, चाचा."

"अच्छा. तो जिल्हा नहीं लिखना?"

"लिंकनशायर जिल्हाच हाय."

चाचांनी मान हलवली. "गाव बडा होगा. अक्षर छोटे करने पडेंगे."

मी बाबांना म्हटलं, रजिस्टर पाहून होईपर्यंत शेवटची ओळ थांबवू. ते म्हणाले, "कागद येते मांगून. ईस्टर आला."

आमच्यात ईस्टरला पहाटे सगळी मंडळी दफनभूमीत जाते. त्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक घर आपापल्या कबरी धुतं, चुना मारतं, दगडावरची अक्षरं ब्रशने पुन्हा रंगवतं. मग ईस्टरला उजाडताना गाणी होतात, प्रार्थना होते, आणि नंतर लोक एकमेकांच्या कबरी पाहत हिंडतात. कोणी कोणता रंग वापरला, कोणाच्या पोरांनी यंदा कबरीकडे पाहिलंसुद्धा नाही, हे सगळं त्या वेळी बोललं जातं. गेल्या ईस्टरला आमच्या नव्या दगडाभोवती गर्दी झाली. बाबा शर्टाची इस्त्री सांभाळत शेवटची ओळ समजावून सांगत होते. पाळकसाहेब म्हणाले, "चांगलं झालं. मूळ सापडणं सोपं नसतं." मी मागे मेणबत्त्यांचे बुडखे गोळा करत राहिले.

त्यानंतर मी पाळकसाहेबांकडे रजिस्टर मागितलं. ते कपाटात लाल फडक्यात बांधून ठेवलेलं होतं. "ते जुनं जोडून लिहिलेलं इंग्रजी मला लागत नाही," ते म्हणाले, "तूच वाच."

आमच्या घराण्यातला पहिला माणूस मला पाऊण तासात सापडला. पूर्ण नाव. तेच आडनाव, आणि नावही तेच, वंशवृक्षातल्या त्या हिंदुस्थानात गेलेल्या धाकट्या भावाचं. बाबा बरोबर होते, असं वाटलं, आणि मला एकदम हसू येऊ लागलं. मग मी त्याच ओळीतले पुढचे रकाने वाचले. मुलगा, अनाथ, वय अंदाजे चार. दुष्काळात आर्णीच्या बाजूने मिशनच्या अनाथाश्रमात आणलेला. विलायतेतल्या एका बाईंच्या खर्चाने सांभाळ, त्यांच्या इच्छेने त्यांच्या मरण पावलेल्या भावाचं नाव.

एक रकाना 'आधीचं नाव' असा होता. त्यात रेघ मारलेली होती.

नाव नवीन दिलंय की आधीपासून चालत आलंय, यासाठीही रकाना होता. तिथे लिहिलं होतं, पुढे चालू. मला ते कळलं नाही, म्हणून मी मागची पानं उलटली. तेच नाव दोन पानं आधी होतं. वय सहा, त्या पावसाळ्यात वारला. त्याच्याही आधी एकदा होतं. वय तीन, आठ महिन्यांनी वारला. आमचा तो तिसरा.

दुसऱ्या मुलांचंही तसंच होतं. नाव विलायतेतल्या देणाऱ्याचं असायचं, आणि मूल गेलं की ते नाव पुढच्या मुलाला मिळायचं. मी पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी त्यांच्या आधीच्या पाळकांकडून ऐकलं होतं. "तिकडे पत्रं जायची ना, तुमचा मुलगा बरा आहे, वाचायला शिकला. मेला असं कसं कळवणार? बिचाऱ्यांना वाईट वाटलं असतं." मग ते म्हणाले, "दुष्काळ होता. कोणाकोणाचं नाव विचारत बसतील?"

मी इंग्लंडला लिहिलं. या वेळी उत्तराला महिना लागला. त्याने शोधून काढलं होतं की तो धाकटा भाऊ मुंबईत उतरल्यावर थोड्याच महिन्यांत तापाने गेला, लग्न झालेलं नव्हतं. आमचा खर्च करणाऱ्या त्या बहिणीनेही लग्न केलं नाही. तिच्या पेटीतली मिशनची पत्रं फिरत फिरत त्याच्याकडेच आली होती. त्यांतला मुलगा दर वर्षी थोडा मोठा होतो, असं त्याने लिहिलं. मध्ये कुठेही मरत नाही. शेवटी त्याने विचारलं होतं, नकाशावरचा तुमचा ठिपका मी काय करू? हवं तर वेगळ्या रंगात ठेवतो. रक्ताचं नातं नसलेल्यांसाठी एक रंग आहे.

मी उत्तर दिलं नाही. तीन आठवडे मी बाबांसमोर जेवत होते आणि ते रोज विचारत होते, "काई आलं का तिकडून?" मी म्हणायची, नाही.

मग एका रविवारी जेवणानंतर बाबा मिक्सर उघडून बसले होते, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, रजिस्टर पाहिलं मी."

"मंग? हाय ना नाव?"

"आहे."

"म्हनलं होतं ना मी."

"पुढे ऐका."

मी सगळं सांगितलं. मला गोष्टी सांगता येत नाहीत, मी रिपोर्ट वाचावा तसं एकामागून एक सांगत गेले. बाबा तोच एक स्क्रू पिळत राहिले.

"तिसरा," ते म्हणाले.

"हो."

"अन् पयले दोगं कुठी पुरले?"

"दफनभूमीच्या जुन्या कोपऱ्यात असतील. रस्ता रुंद केला तेव्हा तो भाग बाहेर गेला."

त्यांनी स्क्रू काढला, फुंकला, परत बसवला. "त्याचं आपलं नाव काय होतं मंग?"

"लिहिलं नाही. रेघ आहे."

"मायनं काई तं ठेवलं असन."

मी सुटे स्क्रू झाकणात गोळा केले.

"आर्णीच्या बाजूनं म्हंजे," ते म्हणाले, "लय गावं हायेत."

आईने आतून विचारलं, मिक्सर झाला का. बाबांनी तिला मिक्सर नेऊन दिला आणि तिथेच ओट्याला टेकून उभे राहिले.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर ते गाडी काढून आर्णीकडे गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा आत्या आमच्याकडे होती. "काय सापडलं?" तिने विचारलं. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता.

"काय सापडन? तिठ्यावर च्या पेलो. कोनाले काय इचारू, अक्का? माह्या पनज्याचं नाव काय होतं, असं?"

"जात तरी..."

"ते बी नाई लिवलं."

आत्या म्हणाली, "आपलं आडनाव टाकून द्याचं म्हनलं तरी दुसरं कोन्तं लावाचं?"

ठिपक्याचं मी त्यांना तेव्हा विचारलं. "काढ म्हना त्याले," बाबा म्हणाले. "लोकाच्या मयतीत आपन कायले बसाचं?" मी इंग्लंडला तसं कळवलं, अर्थात वेगळ्या शब्दांत. दोन दिवसांनी ठिपका गेला. मी नंतर बऱ्याचदा तो नकाशा उघडून पाहिला. भारत सगळा एका रंगाचा झाला होता. तीन गावांवरचे ठिपकेही गेल्या वर्षीपेक्षा कमी होते, की मलाच तसं वाटलं, माहीत नाही. तो म्हातारा आता पत्र लिहीत नाही. मीही लिहीत नाही. आम्हाला एकमेकांना लिहायला काही कारण उरलेलं नाही.

यंदा ईस्टरच्या आठवड्यात बाबा नेहमीसारखे दफनभूमीत गेले. मी बादली घेऊन सोबत होते. त्यांनी दगड धुतला, पुसला, चांदीच्या रंगाची डबी उघडली. आजोबांचं नाव रंगवलं. आडनाव रंगवलं, प्रत्येक अक्षराच्या कडा सांभाळून, नेहमीइतकाच वेळ घेऊन. तारखा रंगवल्या, वचन रंगवलं. मग डबीचं झाकण लावलं आणि ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. शेवटच्या ओळीतला गेल्या वर्षीचा रंग त्यांनी धुताना तारेच्या ब्रशने घासून काढला होता, हे मला तेव्हा दिसलं. काळ्यात काळी अक्षरं. जवळ वाकून पाहिलं तरच वाचता येतात.

ईस्टरच्या पहाटे गाणी संपल्यावर लोक कबरी पाहत हिंडू लागले. शेजारच्या कबरीवाल्या काकू मेणबत्ती घेऊन आमच्या दगडाशी वाकल्या.

"खालची लाइन रायली का हो? रंग पुरला नाई?"

"नाई पुरला," बाबा म्हणाले.