दोन्ही पुड्यांत मोगरा

नंगनल्लूरला सासूबाईंच्या घरी सत्यनारायण होता. पूजेला साडू आणि मेहुणी बसले होते. मी शेजारी मांडी घालून, जावयानं बसावं तसा, जेवणाची वाट बघत होतो. गुरुजींचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांनी विड्याच्या पानांचा जुडगा माझ्याकडे दिला आणि सांगितलं, मागेन तशी दोन-दोन द्या. यात चुकायला जागा कुठे आहे, असं कोणालाही वाटेल.

मी ती पानं हातात पंख्यासारखी पसरली. मग लावून घेतली. मोठी डावीकडे, कोवळी उजवीकडे. एक फाटकं निघालं, ते टाकायला म्हणून टोकाला सरकवलं. साडूंनी सहज माझ्या हाताकडे पाहिलं, तशी मी पानं छातीशी धरली. गुरुजींनी दोन मागितली तेव्हा मी बराच विचार केला, फाटकं पान पाटावर उपडं टाकलं आणि समोरच्या तबकातलं एक उचलून हातात लावलं.

मंत्र थांबले. गुरुजी सत्तरीचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी माझ्या हाताकडे नीट पाहिलं आणि ज्या सुरात मंत्र चालले होते त्याच सुरात विचारलं, "जोकर कुठला?"

घरभर हशा झाला. साडूंचं उपरणं खांद्यावरून घसरलं. दारात बसलेल्या शेजारच्या मामींना, इकडे वयस्क बाईला मामीच म्हणतात, काय झालं ते कळलं नव्हतं, त्यांना कोणीतरी तमिळमध्ये समजावलं आणि मग त्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ हसल्या. माझी बायको तेवढी हसली नाही. ती माझ्या बोटांकडे बघत होती. ती शाळेत गणित शिकवते. बोटांना असं वळण किती सरावानं लागतं, याचा हिशेब तिनं तिथल्या तिथे केला असणार.

आता मागचं थोडं सांगायला हवं. बायकोचं माहेर तंजावरकडचं मराठी, पिढ्यान्पिढ्या इकडचं. मी नाशिकचा, मोटारींच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे इथे तमिळ मुलखात आलो आणि जावई होऊन राहिलो. त्या मायलेकींची मराठी माझ्या पणजोबांच्या वेळची, आणि तिला हेल तमिळचा. ती मला बोलता येत नाही, लिहिता तर त्याहून येत नाही. म्हणून इथे सगळे माझ्यासारखं बोलतील, ते चालवून घ्या.

राहायला आम्ही पेरुंगुडीला, एका मोठ्या बिल्डिंगमध्ये. दर रविवारी दुपारी चार वाजता मी शर्ट इन करायचो, हातात वही घ्यायचो आणि बायकोला सांगायचो की असोसिएशनची मीटिंग आहे. मग लिफ्टनं खाली जायच्याऐवजी वर जायचो. सहाव्या मजल्यावर कोल्हापूरकडचा एक तरुण इंजिनियर एकटा राहायचा. तिथे आम्ही चौघं रमी खेळायचो. पैसे लावून. थोडेच, पण लावून. बिनपैशाची रमी म्हणजे बिनमिठाची कढी, असं आमच्यातल्या एकाचं मत होतं आणि बाकीच्या तिघांचंही.

खोटं एकदाच बोललं तर सोपं असतं. माझं दर आठवड्याला नवं लागायचं. घरी आलो की बायको कॉफी देऊन विचारायची, आज काय ठरलं? मग मी सांगायचो. पाण्याच्या लॉऱ्यांचं ठरलं, लिफ्टमधल्या पंख्याचं ठरलं, तळमजल्यावरच्या कुत्र्यांचं ठरता ठरता राहिलं. असोसिएशनचा अध्यक्ष तर मी नखशिखान्त घडवला होता. पोलिसातून निवृत्त झालेला, जाडजूड, भरघोस मिशांचा, आणि टेबलावर मूठ आपटून बोलणारा. त्याचा आवाज काढून मी त्याचं भाषण म्हणून दाखवायचो. बायको हसून हसून डोळे पुसायची. कधी कधी हातात चांगली पानं असताना मी आज अध्यक्षांच्या तोंडी काय घालावं याचाच विचार करत बसायचो आणि डाव हरायचो.

तर पूजा झाली, जेवणं झाली, पाहुणे गेले, आणि स्वयंपाकघरात बायकोनं मला समोर बसवलं. सासूबाई कोपऱ्यात स्टुलावर होत्या, उरलेला शिरा डब्यात भरत. मी सगळं कबूल केलं. एवढ्या लोकांसमोर पानं लावून बसल्यावर नाकबूल करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मला वाटलं, ती पैशांवरून बोलेल. ती म्हणाली, "पत्त्यांचं मला काही नाही. पण मी सगळ्यांना सांगितलंय हो. शाळेत सांगितलं, इथे सांगितलं, आमचा माणूस बिल्डिंगसाठी रविवार देतो म्हणून. या घरात सगळे माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात. आता मी काय सांगू?"

तिचे वडील आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळी गल्लीतल्या लोकांचे अर्ज फुकट लिहून द्यायचे. तिला वाटलं होतं, आपल्या वाट्यालाही तसाच माणूस आलाय.

मी म्हटलं, बरं, मी काही दिवस खंड पाडतो. ती म्हणाली, खंड नाही, सोडायचं. मी म्हटलं, खंड म्हणजे सोडण्यासारखंच. ती म्हणाली, मग सोडाच.

आता खरं सांगतो, मला ठरवता येत नव्हतं. सोडलं म्हटलं की डोळ्यांसमोर भगवी छाटी यायची. खंड म्हटलं की हिल स्टेशन. शिवाय प्रश्न फक्त रमीचा नव्हता. लिफ्ट दोन आहेत, आधी कुठली येईल यावर मी मनातल्या मनात पैज लावतो. सिग्नलला पुढची रिक्षा डावीकडे वळेल की उजवीकडे, यावरही लावतो आणि चुकलो तर स्वतःला त्या दिवशी दुसरी कॉफी देत नाही. हे सगळं सोडून मी शिल्लक किती राहीन, याची मला शंका होती. बायकोला ते सांगितलं. तिनं आईकडे पाहिलं.

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि तोडगा काढला. देवाला विचारा. इकडे तशी रीत आहे. पानाच्या तुकड्यात, एकीत लाल फूल आणि दुसरीत पांढरं, अशा दोन सारख्या पुड्या बांधून देवापुढे ठेवायच्या आणि एक उचलायची. लग्नं ठरवायला, घर घ्यायला इथे लोक असंच विचारतात. लाल निघालं तर सोडायचं, पांढरं निघालं तर खंड. उचलायची सासूबाईंनी, पुड्या बांधून आणायच्या मी. आणताना काय आणायचं तेही त्यांनी बजावलं, लाल जास्वंद आणि पांढरी तगर, दुसरं काही नको. ते मी अर्ध्या कानानं ऐकलं, कारण उरलेलं डोकं शक्याशक्यता मोजत होतं. दोनात एक. दोनात एक मला आजवर कधी लागलेलं नाही. लिफ्टचंच घ्या.

कोपऱ्यावर देवळाशी फुलवाली बसते, तिच्याकडे गेलो. तगर संपली होती. मोगरा होता, ताजा, टपोरा. मी विचार केला, पांढरा तो पांढरा, उलट महागाचा. देवाला तक्रार कशाला असेल? आणि मग तो दुसरा विचार आला. माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी तिला म्हणालो, दोन्ही पुड्यांत पांढरंच बांध.

तिचे हात थांबले. मुलीच्या लग्नाचं आहे का, तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही, पत्त्यांचं आहे. तिनं केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं दोन्ही पुड्या घट्ट बांधल्या, माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, "सार, सामीला फसवता येतं. घरातल्या मामीला नाही."

सामी म्हणजे देव एवढं मला कळलं, बाकी तिच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही. परत येताना मी इतका खुशीत होतो की गेटपाशी मला पहिल्यांदाच पैज न लावता चप्पल काढल्याचं आठवतं. पुड्या देवापुढे ठेवल्या, हात जोडले आणि चेहरा जमेल तितका अनिश्चित केला. बायको शेजारी डोळे मिटून उभी होती. ती खरंच देवाला विचारत होती. ते पाहून मला जरा कसंतरी झालं, पण डाव टाकून झाला होता.

सासूबाईंनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. मग त्या पुड्यांवर वाकल्या. आधी उजवीवर, मग डावीवर. ज्या बाईनं पन्नास वर्षं रोज संध्याकाळी फुलं ओवली, तिच्या नाकासमोर मी मोगऱ्याच्या दोन पुड्या ठेवल्या होत्या. जास्वंदीला वास नसतो आणि तगरीलाही नसल्यासारखाच, म्हणून तर ही दोन फुलं घेतात, हे मला त्या क्षणी कळलं. खोलीत तोवर इतका घमघमाट झाला होता की साडू हॉलमधून विचारत आले, कोणाचं लग्न आहे?

"मापिळ्ळै," सासूबाई म्हणाल्या. आनंदात असल्या की त्या मला जावई न म्हणता तमिळमध्ये असं म्हणतात. "देव दोनदा खंड म्हणतोय."

आणि त्या हसायला लागल्या. आवाज न करता, पोट गदागदा हलवत, देवघराच्या चौकटीला धरून. मला वाटलं, सुटलो.

बायकोनं दोन्ही पुड्या सोडल्या. मोगरा ओंजळीत घेतला. मग म्हणाली, "ठीक आहे. देवानं खंड सांगितला, तर खंड. किती दिवसांचा ते त्यानं सांगितलेलं नाही, ते मी सांगते. जितके रविवार तुम्ही न झालेल्या मीटिंगला गेलात, तितके रविवार झालेल्या मीटिंगला जायचं."

दीड वर्ष होतं ते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, देवाला पुन्हा विचारायचं आहे का?

पुढच्या रविवारी चार वाजता मी शर्ट इन केला, वही घेतली आणि मीटिंगसाठी पहिल्यांदाच लिफ्टनं खाली गेलो. मीटिंग जनरेटरच्या खोलीशेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भरते. पाच जण होते. तुम्ही नवीन आलात का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सहा वर्षं झाली. अध्यक्ष म्हणजे एक बारीक, हळू आवाजातल्या निवृत्त मुख्याध्यापिका निघाल्या. टेबल नव्हतंच, त्यामुळे मूठ आपटण्याचा प्रश्न नव्हता. घरी आल्यावर बायकोनं कॉफी दिली आणि अध्यक्षांबद्दल विचारलं. मी सांगितलं. मग तिनं विचारलं, त्या मिशा कुठल्या होत्या? मी म्हटलं, माझ्या काकांच्या.

नवीन माणसाला कुठलं काम देतात ते तुम्ही ओळखलं असेल. माझ्याकडे सांडपाण्याची टाकी आली. सुरुवातीला मी मनात पैजा लावायचो, आज मोटर चालू असेल की बंद. पण मोटर नेहमीच बंद असायची, त्यामुळे त्यात काही मजा राहिली नाही. मग मला त्या टाकीचाच नाद लागला. गाळ किती दिवसांनी काढायचा, हवा किती सोडायची, वास कशानं येतो आणि कशानं जातो. सहाव्या मजल्यावरून निरोप यायचे, चौथा मिळत नाही, तीन हातांत रंगत नाही. मी त्यांना कळवायचो, खंड चालू आहे, आणि सोबत टाकीचा फोटो पाठवायचो. हळूहळू निरोप कमी झाले.

परवा सासूबाईंकडे मेहुणीच्या मुलाची मुंज झाली. गुरुजी तेच. विड्याची पानं त्यांनी मुद्दाम माझ्या डोक्यावरून पलीकडे साडूंना दिली. जेवताना शेजारच्या मामींनी मला विचारलं, बिल्डिंगचं काम कसं चाललंय? मी सांगायला लागलो. केळीच्या पानावर भाताचा बांध घालून टाकीचे कप्पे दाखवले, सांबार सोडून गाळ कसा तळाशी बसतो ते दाखवलं. पायसम येईपर्यंत माझ्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी झाली होती आणि समोरची पंगतही उठली होती. एकट्या सासूबाई ऐकत होत्या, त्यांचं पोट पुन्हा हलत होतं.

परत येताना स्कूटर बायको चालवत होती. मी मागे, मांडीवर साखरभाताचा डबा. वेळच्चेरीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा पुढे एक रिक्षा होती. ती डावीकडे वळली की उजवीकडे, ते मला आता आठवत नाही. बायकोच्या केसांत मोगरा होता. ती मान न वळवता म्हणाली, "ते सगळं खोटं होतं ना हो, तेव्हा मी हसून हसून ऐकायचे. आता सगळं खरं आहे तर पंगत उठून जाते. पुढचा एक रविवार तुम्ही त्या खंडात धरू नका. वर जा, खेळा. आणि खाली आल्यावर मला मिशांवाल्या अध्यक्षांचं काहीतरी सांगा."