सिराजभाई, तुम्ही उतरा

वसुधा हरकरे मूळच्या नागपूरच्या. नवरा अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला मोटारींच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, मुलगी कॉलेजला निघून गेलेली. घर खायला उठायचं, म्हणून २००४ साली त्यांनी ड्रायव्हिंग शिकवायचं लायसन्स काढलं. नोकरी मिळाली हॅमट्रॅमिकला. डेट्रॉइटला चिकटलेलं हे एवढंसं गाव. मोठ्या रस्त्यावर मासळीपासून मिठाईपर्यंत सगळ्या पाट्या बंगालीत. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक स्टॅन, म्हातारा पोलिश. त्यानं विचारलं, "बंगाली येतं ना?"

"नाही. मी मराठी."

"चालेल," म्हणाला आणि बाहेर 'बंगाली बोलणारी लेडी टीचर' अशी पाटी लावून मोकळा झाला. वसुधाताईंनी तीनदा सांगूनही ती उतरली नाही.

बायका येऊ लागल्या, बहुतेक बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या. सिनेमांमुळे त्यांना हिंदी कळायचं. त्रास बायकांचा नव्हताच, मागच्या सीटवर बसणाऱ्या नवऱ्यांचा होता. त्यात सिराजभाई म्हणजे कहर.

त्यांची बायको मोमेना चाळिशीची, तीन मुलांची आई. स्टिअरिंगवर हात स्थिर. पण गाडी हलते न हलते तोच मागून सुरू व्हायचं, "आस्ते. ब्रेक. मिरर देखो. आस्ते." जानेवारीत एकदा चौकात वसुधाताई आणि सिराजभाई एकदमच बोलू लागले. वैतागून वसुधाताईंच्या तोंडून मराठी निघालं, "अगं डावीकडे, डावीकडे." मोमेनानं गाडी उजवीकडे वळवली, थेट बर्फाच्या ढिगात. बंगालीत 'डाइने' म्हणजे उजवीकडे, हे वसुधाताईंना तेव्हा कळलं.

"आणि मी म्हणे बंगाली बोलणारी लेडी टीचर," घरी येऊन त्या नवऱ्यावर डाफरल्या. त्या बिचाऱ्यानं मान हलवली.

पहिल्या टेस्टला मोमेना 'स्टॉप'च्या पाटीशी थांबली ती थांबलीच. कुणीतरी 'चल' म्हणेल, म्हणून वाट बघत राहिली. दुसऱ्या वेळीही तेच. दोन्हीदा नापास. मग वसुधाताईंनी स्पष्ट सांगितलं, "सिराजभाई, उद्यापासून तुम्ही घरी थांबा."

"ती घाबरते मॅडम. मी असलो की तिला धीर येतो."

दुसऱ्या दिवशी ते हजर. हातात मिठाईचा डबा. वसुधाताईंनी कपाळाला हात लावला.

त्या दिवशी दहा मिनिटांत "आस्ते" बारा वेळा झालं. मग मोमेनानं इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, पार्क केली आणि मागे न बघता बंगालीत दोन-तीन वाक्यं बोलली. सिराजभाई उतरले आणि टोपी कानांवर ओढून चालू लागले.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, तुम्ही उतरा. टेस्टला तुम्ही गाडीत नसता, तरी माझ्या कानात तुमचाच आवाज असतो. आफा काय सांगतात ते ऐकूच येत नाही." आफा म्हणजे ताई. मग ती हळूच म्हणाली, "घर जवळ आहे. सहा गल्ल्या."

एप्रिलमध्ये ती पास झाली. वसुधाताईंचा आनंद महिनाभर टिकला. मग स्टॅननं सहा नवी नावं दिली, सगळी मोमेनानं पाठवलेली. दर रविवारी ती शेजारणींना एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये नेऊन शिकवत होती. इथल्या बिनक्लचच्या गाडीत दोन्ही पेडल एकट्या उजव्या पायानं दाबायची असतात. या सहाही जणी उजव्या पायानं ॲक्सिलरेटर आणि डाव्या पायानं ब्रेक दाबायच्या. दटावलं की म्हणायच्या, "मोमेना आफांनी असंच सांगितलंय."

वसुधाताईंनी फोन लावला. "मोमेना, दोन पायांनी नको गं शिकवू."

"पण आफा, मी तशीच चालवते. तशीच पास झाले."

वसुधाताईंनी फोन ठेवला. एवढे महिने त्यांचं लक्ष मागच्या सीटवर होतं. शेजारी बसलेल्या बाईचे पाय बघायचे राहूनच गेले होते.

त्या सहा जणींचा डावा पाय सोडवण्यात अख्खा उन्हाळा गेला. चौघी सुधारल्या. उरलेल्या दोघी दोन पायांनीच टेस्टला बसल्या आणि पहिल्या फटक्यात पास झाल्या.