तोंडानं वाजवलेली कुकरची शिट्टी

आमच्या हौशी नाटक मंडळात आवाजाचं काम माझ्याकडे होतं. दारावरची बेल, कुकरची शिट्टी, कावळा, गिरणीचा भोंगा, असं नाटकात जे ऐकू येतं ते विंगेत बसून वाजवायचं. आधी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, मग टॅब. मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅब त्याची शाळा संपल्यावर माझ्याकडे आला. स्क्रीनवर रंगीत चौकोन, एकेका चौकोनात एक आवाज. बोट लावलं की वाजतो. एवढंच काम. दमवायचं ते बाकीचं. ऑफिस सुटलं की तालीम, सोलापूरच्या उन्हाळ्यात एका पंख्याखाली बाराजण, आणि घरी जाऊन पुन्हा कणीक मळायची.

त्या वर्षीच्या नाटकाचा सगळा भार काकांवर होता. एसटीतून निवृत्त झालेले, मंडळातले सगळ्यांत जुने नट. नाटकात एक म्हातारा गिरणी कामगार दिवसभर घरात एकटा असतो आणि बोलत असतो, बस. मधूनमधून एक शेजारीण येऊन जाते.

आदल्या वर्षी एका प्रयोगात काका मधेच थांबले होते. वाक्य गेलं. विंगेतून तिघांनी सांगितलं तरी काही उपयोग झाला नाही. आमचा दिग्दर्शक काकांच्या मुलापेक्षा लहान. या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा तो गोड शब्दांत म्हणाला, "काका, पुन्हा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल बरं का." काका हसले. पण रविवारी सकाळी माझ्या घरी आले आणि नाटकाची वही जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"अगं, वाक्यं जातात माझी. पण एखादा आवाज झाला की त्याच्या पुढचं बरोबर येतं. तेवढे आवाज दे मला. आणि कुणाला बोलू नकोस."

मग सगळे रविवार त्यातच गेले. शिट्टी झाली की मुलीचा विषय. कावळा ओरडला की बायकोचा. भोंगा झाला की गिरणी बंद पडली ती हकीकत. असे अकरा आवाज मी नाटकात घुसवले. मी वाजवायचं, काकांनी बोलायचं, तोवर माझं दूध उतू जायचं. दिग्दर्शकाला काही कळलं नाही. उलट खूश. "ताई, लई जिवंत केलंत की! घरात बसल्यासारखं वाटतंय." मी मान हलवली.

पहिल्या प्रयोगाआधी आमच्याकडे पूजा होते. नारळ फुटतो आणि नाटकाला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लागतं. रंगाची पेटी, दिव्यांचा बोर्ड, सेट ठोकायचा हातोडासुद्धा. मी नाट्यगृहाच्या माणसाकडे वायर जोडून घ्यायला गेले होते. परत येऊन बघते तर नाटकात शेजारणीचं काम करणाऱ्या बाईंनी टॅबच्या ऐन मधोमध ओल्या बोटानं हळदकुंकू लावलेलं. वर अक्षता, वर झेंडूचं फूल. नारळाचं पाणी शिंपडलेलं ते वेगळंच.

"अहो, स्क्रीनवर कशाला?"

"मग काय मागं लावू? देवाला पाठीला लावतात का?"

मी पदरानं पुसलं. बोलत बसायला वेळ नव्हता, तिसरी घंटा झाली होती.

पहिले दोन आवाज नीट वाजले. काका खाटेवर बसून छान बोलत होते. मग शिट्टीची जागा आली. मी बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. कडेचे चौकोन चालत होते, मधली ओळ मेली होती. काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. उघडली. पुन्हा घातली. चेहरा प्रेक्षकांकडे, पण डोळे विंगेकडे. ते डोळे मी ओळखले. ते थांबले होते.

हाताशी स्टीलचा पेला होता, तो मी खाली टाकला. काका म्हणाले, "मांजर आलं वाटतं." लोक हसले. पण पुढे काही येईना. मांजरावर आमचं काही ठरलंच नव्हतं.

मग मी दातांतून जोरात शिट्टी सोडली. कुकर असा वाजत नाही, आगीचा बंब वाजला असता एखाद वेळ. पुढच्या रांगेत कुणीतरी खिदळलं. काकांनी मान उचलली आणि म्हणाले, "पोरगी असती तर गॅस बारीक केला असता." तिथून गाडी सुरू झाली.

मध्यंतरात दिग्दर्शक धावत आला.

"ताई, काय चाललंय हे? पेला काय, शिट्टी काय!"

"टॅब चालेना. हळद गेलीय आत."

"मग सोडून द्यायचं! एक शिट्टी नाही झाली तर काय बिघडतं?"

काका शेजारीच खुर्चीवर चहा पीत होते. त्यांनी कपातून मान वर केली नाही.

"मला वाटलं, हवी," मी म्हटलं.

"वाटलं म्हणजे? काकांनी सांभाळून घेतलं म्हणून. नाहीतर अब्रूच गेली होती."

शेजारीणबाई म्हणाल्या, "मला तर वाटलं कंडक्टर शिट्टी मारतोय."

मी टॅब पुन्हा पदरानं पुसायला घेतला.

टॅब बंद करून चालू केला तरी मधली ओळ मेलेलीच. दुसऱ्या अंकात खुर्ची वाजवली, खोकले, बेलच्या जागी विंगेची फळी ठोकली. कावळा मला बरा येतो हे पन्नाशीत कळलं. काका प्रत्येक आवाजावर पुढे सरकत गेले. पडदा पडला तेव्हा टाळ्या खूप झाल्या. माझा घसा बसला होता.

रंगपटात दिग्दर्शकाने जाहीर केलं, पुढच्या महिन्यात अकलूजला प्रयोग. सगळे खूश. काका माझ्या शेजारच्या आरशासमोर तोंड पुसत होते. आरशात बघतच हळू आवाजात म्हणाले, "तू नाही म्हण."

"मी?"

"तू दमले म्हण. मग मलाही सुटता येईल. मी दमलो म्हटलं तर विचारतील, का."

एवढं बोलून ते पुन्हा गाल पुसायला लागले. कापूस काळा झाला होता, तोच फिरवत होते.

मी उठून दिग्दर्शकाला सांगितलं, "अकलूजचं मला नाही जमणार. यापुढेही नाही. झेपत नाही आता." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

"अहो ताई, मी मघाशी रागावलो म्हणून का?"

"नाही हो."

तेवढ्यात काका म्हणाले, "ती नसेल तर मीही नाही. तिच्या आवाजांची सवय झालीय मला."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बघा, जुनी माणसं कशी एकमेकांना धरून असतात, असं एकजण बोललासुद्धा. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, ते वेगळ्या नजरेनं.

अकलूजचा प्रयोग रद्द झाला. शेजारीणबाई मध्यंतरी भाजी घेताना भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्यामुळं काका सुटले हो नाटकातनं. एवढा मोठा नट."

"व्हय," मी म्हटलं, आणि वांगी निवडायला लागले.