धुतलेल्या बंपरवरची लाळ

भुताखेतांवर माझा कवडीचाही विश्वास नव्हता. नांदेडला माझं बफिंगचं, म्हणजे धातू घासून चकाकवायचं, छोटं दुकान आहे, बावीस वर्षं ॲसिड आणि गंजात हात घालतोय. असले अनुभव सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसायचो. म्हणून आधीच सांगतो – त्या दिवशी मला भीती वाटली नाही. किळस आली. अजून येते.

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, तो उन्हाळा. उदगीरच्या एका धान्य व्यापाऱ्यानं मला जुन्या अँबॅसिडरच्या पॉलिशसाठी बोलावलं होतं. वय पंचाहत्तर, कपाळावर भस्माचे पट्टे, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. उदगीर नवा जिल्हा होणार अशी तेव्हा हवा होती, आणि मिरवणुकीत पहिली गाडी आपली हे आप्पांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

"घरची तीस वर्सं झाली हिच्यात पाय ठेवंना," ते म्हणाले. "आवंदा तिला शेजारी बसवायचं हाय. बंपर असा करा की तोंड दिसलं पायजे."

घरची म्हणजे त्यांची बायको, अक्का. दिवसभरात त्या गाडीच्या शेडकडे फिरकल्यासुद्धा नाहीत.

मी दोन्ही बंपर खोलले. मागचा बफ मारून, कोरड्या फडक्यानं पुसून गाडीजवळच पोत्यावर ठेवला. पुढचा बसवला, तर आप्पा म्हणाले, धुऊन काढा. बारा दिवसांनी टँकर आला होता. गेटबाहेर बायका घागरी घेऊन ताटकळत होत्या आणि माझ्यापुढं पाण्यानं भरलेलं अख्खं टिपाड! मी म्हणालो, कोरडं पुसलं तरी चालतं. "धुवा हो," आप्पा म्हणाले. मी धुतला. बायका बघत होत्या. लाज वाटली, पण हात काही थांबला नाही.

दुपारी शेडला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून, दारासमोरच्याच ओट्यावर भाकरी खाल्ली. कुलूप काढलं आणि... पुढच्या बंपरवर लाळ. दाट, फेसाळ, तार धरून खाली लोंबणारी. खालून वर रुंद, खरखरीत पट्टे. मध्ये चघळलेल्या कडब्याचे तुकडे. रवंथाचा आंबूस वास. साबण असेल म्हणून बोट लावलं, तर ती कोमट होती. खाल्लेली भाकरी तिथंच बाहेर आली.

"काय करलालाव हे? काय लावलाव बंपरला?" आप्पा माझ्यावरच उखडले. त्या घरात एकही जनावर नव्हतं. शेडला खिडकी नाही, दुसरं दार नाही. पुसलं, कुलूप लावलं आणि आम्ही दोघं समोर बसलो. तासाभरानं उघडलं, तर पुन्हा तेच. या वेळी जास्तच.

वास अंगणभर गेला असावा. अक्का आल्या. दारातच थांबल्या. बंपरकडे बघून त्यांनी तोंडाला पदर लावला, आणि मला वाटलं त्यांनाही उलटी होणार. पण त्या रडत होत्या.

"लातूर जिल्हा झाला, त्याच्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट," त्या माझ्याकडे बघून बोलल्या. "जिल्ह्याचे साहेब येणार म्हणून ह्यांनी गायीच्या पिण्याच्या पाण्याच्या दोन बादल्या गाडीवर वतल्या. गौरी हितंच बांधलेली. मान ताणून ताणून ह्याच बंपरचे थेंब चाटू लागली. दुसऱ्या दिशी पडली, ती उठलीच न्हाई."

"म्हातारी झालती ती," आप्पा पुटपुटले.

अक्कांनी घरातून पिण्याच्या पाण्याची बादली आणली, बंपरपुढं ठेवली आणि दार ओढून घेतलं. आम्ही तिघंही बाहेर, भर उन्हात. आतून घटाघट पिण्याचा आवाज आला. मी माझ्या कानांनी ऐकला. दार उघडलं तेव्हा बादली कोरडी होती आणि काठाला लाळ.

"आता तरी गाडीत बसशील का?" आप्पांनी विचारलं.

"तिला मी पाणी पाजलं. तुम्ही काय केलाव?" अक्कांनी बादली उचलली आणि आत गेल्या.

आप्पा टिपाडाकडे हात करून मला म्हणाले, "तेवढं परत धुऊन घ्या. डाग राहतील."

लाळेनं आली नव्हती एवढी किळस मला त्या वाक्यानं आली. सामान गुंडाळलं आणि निघालो. मागचा बंपर लावलासुद्धा नाही. हात लाळेनं बरबटलेले होते, सवयीनं टिपाडाकडे गेलो... आणि मागे फिरलो. एसटीत नांदेडपर्यंत हात तसेच मांडीवर उताणे ठेवून बसलो. शेजारचा माणूस नाक दाबून उठून गेला. चार दिवस वास गेला नाही.

खुलासा माझ्याकडे नाही. कुणी सांगेल, भटकं जनावर कुठून तरी घुसलं असेल. मग एवढंच सांगा – मी कोरडा पुसलेला मागचा बंपर तिथंच, हातभर अंतरावर पडला होता. त्याला कुणी तोंडही लावलं नव्हतं. चाटला तो फक्त मी धुतलेला.