गुरुजींची पाच पोरं आणि माझा अर्ज

लष्कराच्या एका डेपोत मी चार वर्षं बुटांच्या जोड्या लावल्या. दुसरं काही केलं नाही. महायुद्ध संपून इतकी वर्षं झाली होती, तरी शेडमध्ये बुटांचे ढीग छताला टेकलेले असत. त्यातून डावा-उजवा जमवायचा, नाडीला नाडी बांधायची आणि मापाप्रमाणे रचायचं. मग एके दिवशी बूट संपले, निदान साहेबाला तसं वाटलं. फाटकावर कागद लागला. ज्यांना कमी केलं त्यांची नावं त्यावर होती, आणि त्यात आमच्या निघोजे गावचे आम्ही तिघंही होतो.

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "बरं झालं. दुसऱ्याच्या पायताणात नाक घालून बसायची ती काय नोकरी हाय? औताला चल उद्यापास्नं."

आठवडाभर गेलो औताला. मला बघून बैलांनाही काही आनंद झालेला दिसला नाही. चार वर्षं सावलीत बसून माझे हात मऊ पडले होते. वडील बांधावरून बघायचे आणि नांगराचं तास वाकडं गेलं की माझ्याशी न बोलता बैलांना शिव्या द्यायचे.

तेवढ्यात कळलं, की चिंचवडला पंपांचा एक नवा कारखाना उभा राहतोय आणि माणसं घेतायत. पण अर्ज इंग्रजीत पाहिजे. आमच्या गावात इंग्रजी येणारा माणूस एकच, शाळेतले गुरुजी. त्यांना ते किती येतं हे तपासायला दुसरा कोणीच नसल्यामुळे उत्तम येतं असं सगळे धरून चालले होते. आम्ही तिघं त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो. गुरुजींनी टाक दौतीत बुडवला आणि आम्हाला एक अक्षरही न विचारता तीन अर्ज लिहिले. अक्षर असं, की लग्नपत्रिकेला लाजवेल. आम्ही खाली सह्या ठोकल्या.

तिघांनाही एकाच दिवशी बोलावणं आलं. गुरुजींच्या अर्जाचा गुण बघून गाव थक्क झालं.

कारखान्याचा साहेब पुण्याचा होता. सोनेरी काड्यांचा चष्मा, पांढरी विजार. त्याने आम्हाला तिघांना एकदमच आत घेतलं आणि तिन्ही अर्ज टेबलावर शेजारी शेजारी मांडले, पत्त्यांसारखे.

"तिघांनाही पाच-पाच मुलं आहेत?" त्याने मराठीत विचारलं.

मी गोंधळलो. माझं लग्नच झालं नव्हतं. पण आमच्यातला सगळ्यात धाकटा, ज्याला धड मिसरूडही फुटली नव्हती, तो घाईने म्हणाला, "व्हय साहेब."

"तिघांच्याही मातोश्री आंधळ्या?"

"व्हय साहेब."

"आणि तिघांनाही शाळेत शिकवायचा चौदा वर्षांचा अनुभव?"

"व्हय जी."

साहेबाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे शेवटी लिहिलंय, की तुमच्या चरणकमलांची धूळ मस्तकी लावतो. तीही तिघं लावणार का?"

धाकटा खरोखरच खाली वाकला. मी त्याच्या सदऱ्याला धरून मागे ओढला. साहेब म्हणाला, "जा आता. मुलं झाली की या."

सायकली हाणत आम्ही सरळ शाळेत गेलो. गुरुजी मुलांकडून पाढे म्हणवून घेत होते.

"गुरुजी, काय लिहिलं हो तुम्ही आमच्या अर्जात?"

"माझ्या अर्जात होतं तेच," गुरुजी शांतपणे म्हणाले. "बदलीसाठी केला होता तो. गुणाचा अर्ज आहे. त्यावरच मला हे गाव मिळालं."

"पण पाच पोरं!"

"त्यात खोटं काय आहे? ती बघ, पुढच्या रांगेत बसलीयत पाचही."

बाकीचे दोघं त्या दिवशीच हरले. एकाने नांगर धरला आणि धाकटा मुंबईला मामाकडे गेला. मला मात्र राग आला होता. गुरुजींचा कमी, माझाच जास्त. चार वर्षं नोकरी केलेला माणूस मी, आणि सही करताना वर काय लिहिलंय हे विचारायची मला लाज वाटली होती.

डेपोतल्या एका कारकुनालाही आमच्याबरोबरच कमी केलं होतं. तो चिंचवडच्या बाजारात भेटला. म्हणाला, "पिंपरीच्या कँपात जा. एक सिंधी बाई आहे, मशीनवर अर्ज करून देते. पण तोंडाची फटकळ आहे, राव. मला रडवलं तिने."

फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचा तो कँप. बराकीत गोणपाटाचे पडदे लावून एकेका कुटुंबाचा संसार मांडलेला. बाई पन्नाशीची, नाकावर चष्मा, पांढरी ओढणी. तिकडे सिंधमधल्या हैद्राबादेत मुलींच्या शाळेत शिकवायची. निघताना घरातल्यांनी भांडी उचलली, आणि हिने टाइपरायटर उचलला. बोटीवर सगळे हिला वेडी म्हणत होते म्हणे. मराठी तिने इथे येऊन उचललं होतं, पण तिच्या मराठीत जगातल्या सगळ्या वस्तू पुल्लिंगी होत्या.

"काय काम केला?" तिने विचारलं.

"काही नाही. बूट लावत होतो."

"काही नाही कसा? चार वर्ष तुला सरकार फुकट बसवला? बोल."

मी जोड्या कशा लावायचो ते सांगितलं. ती विचारत गेली. चुकायचं का? चुकलं तर कसं कळायचं? मी सांगितलं, की तळव्याला खडूने खूण करायची पद्धत मी बसवली होती, त्यामुळे एकाची दोनदा मोजणी होत नसे. "अजून?" अजून काय! मग सहज आठवलं म्हणून ते डाव्या बुटांचं सांगितलं.

एकदा रेल्वेने पेट्या आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या तशाच पुढे काश्मीरला जायच्या होत्या. मी वरच्या दोन उघडल्या, तर सगळे डावे. आणखी चार उघडल्या, त्याही डाव्या. हवालदार म्हणाला, "उजवे मागनं येतील, तू पाठव." मी म्हटलं, तिकडे बर्फात माणसं एका पायावर उभी राहणार का? दुपारभर मी सगळ्या शेड पालथ्या घातल्या. शेवटी उजवे सापडले. तंबूच्या खुंट्या असं लिहिलेल्या पेट्यांत होते. शाबासकी हवालदाराला मिळाली. मला कोणी काही म्हणालं नाही आणि मीही ते विसरून गेलो होतो.

बाईने मशीनवरचे हात काढले. "हा अर्जात का नाही लिहिला?"

"त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

"गधा," ती म्हणाली, आणि कागद चढवला.

अर्ज आठ-दहा ओळींचा झाला. तिने एकेक ओळ वाचून तिचा मराठीत अर्थ सांगितला. चरणकमल कुठेच नव्हते. आई डोळस होती. पोरं शून्य. मग एका ओळीवर मी अडलो. मॅट्रिक नापास, विषय इंग्रजी.

"बाई, तेवढं नका लिहू."

"पास झाला?"

"नाही."

"मग नापास लिहिणार."

"पण असं आपण होऊन कोण सांगतं?"

"साहेब विचारला तर तू काय सांगणार?"

मी विचार केला. "गप्प बसेन."

"बरा. मग लिहिते, मॅट्रिकचा विचारला तर गप्प बसतो."

मी नापास राहू दिलं. मोबदल्यात तिने चुका मागितला. आंबट चुका घालून तिला सिंधची पालेभाजी करायची होती, आणि कँपात येणारा चुका शिळा असायचा. दुसऱ्या दिवशी मी शेतातून पिशवीभर नेऊन दिला. तिने एक पान मोडून चावलं आणि डोळे मिटले. मग माझ्याकडे पाठ करून भाजी निवडायला बसली. मी सायकलवर टांग टाकली.

कारखान्यात अर्ज द्यायला गेलो. साहेब तोच. त्याने आधी मला ओळखलं नाही. अर्ज वाचता वाचता थांबला आणि चष्म्यावरून बघितलं.

"तू तो पाच मुलांचा ना?"

"नाही साहेब. ती गुरुजींची होती."

सगळं सांगावं लागलं. साहेब टेबलावर हात आपटून हसला. मग गंभीर होऊन त्याने अर्जावर बोट ठेवलं. "हे बुटांचं खरं, का तेही गुरुजींचं?"

"माझं आहे साहेब."

"उजवे कुठे सापडले?"

मी सांगितलं. खुंट्यांच्या पेट्या कशा वजनाला हलक्या लागल्या आणि त्यामुळे शंका कशी आली, तेही सांगितलं. हे मी बाईलाही सांगितलं नव्हतं, कारण तोवर मला स्वतःलाच ते आठवलं नव्हतं. साहेब ऐकत राहिला. बोलता बोलता माझा आवाज चढला होता. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला माझ्याच कामाबद्दल विचारत होतं.

"मॅट्रिक नापास हे कोणी लिहायला सांगितलं?"

"अर्ज करणाऱ्या बाईने. मी नको म्हणत होतो."

"साहजिक आहे," साहेब म्हणाला. सोमवारपासून स्टोअरमध्ये ये म्हणाला, तीन महिने तात्पुरता.

वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "आता कशाच्या जोड्या लावायच्यात?"

"बोल्ट आणि नट."

"म्हंजी लोखंडाचे बूटच की," म्हणाले आणि वैरण टाकायला उठले. पण संध्याकाळी चावडीवर 'माझा ल्योक पंपाच्या कारखान्यात' असं सांगत होते, हे मला नंतर कळलं.

तीन महिन्यांचे सहा झाले आणि मग कायम झालो. स्टोअरची सगळी कार्डं इंग्रजीत होती. ती वाचताना मला घाम फुटायचा, म्हणून दर रविवारी सायकल घेऊन बाईकडे शिकायला जायला लागलो. ती मला गधा म्हणायची आणि शिकवायची. दोन वर्षांनी मी पुन्हा मॅट्रिकला बसलो. इंग्रजीत पास झालो आणि या वेळी गणितात आडवा पडलो.

निकाल सांगायला गेलो तेव्हा ती कोणाचा तरी अर्ज करत होती. समोर एक बाप्या मान खाली घालून बसला होता. मी निकाल सांगितला. वर न बघताच ती म्हणाली, "गणित मी नाही शिकवला."

तिसऱ्यांदा मी बसलो नाही. तोवर स्टोअरच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या होत्या.