तीसचा बोर्ड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, आणि जिला बाकी सगळं सांगते त्या मैत्रिणीजवळही नाही. एकदा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना सांगावंसं वाटलं होतं — मी शब्द जुळवत राहिले आणि त्या कागलला उतरून गेल्या. तुम्हांला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नाही. हेसुद्धा भित्रेपणाचंच कारण झालं, नाही का?

गोष्ट आमच्या गाडीची आहे. खरं तर गाडीचीही नाही, रस्त्याकडेच्या एका बोर्डाची. लाल गोलात आकडा लिहिलेला असतो, याहून जोरात जाऊ नका असं सांगणारा — तसल्या बोर्डाची.

बाबा गाडी चालवायला शिकले ते चाळिशी उलटल्यावर. ते सरकारी कचेरीत कारकून होते, आणि आमच्या भावकीत चारचाकी घेणारे पहिलेच. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत ती जुनी पांढरी मारुती आली, तेव्हा आजी — बाबांची आई — तिच्याभोवती एक फेरी मारून आली, बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "ह्यात बशीवून मला त्या रस्त्यानं न्हे की रं एकदा." तो रस्ता म्हणजे कागलच्या पुढचा. तरुणपणी ती तिथं खडी टाकायला जायची, बाबांना झाडाखाली झोळीत ठेवून. बाबा म्हणाले, "रस्ता चौपदरी हुतोय, आये. पुरा हुंदे. मग राणीवानी न्हेतो." आईशी बोलताना त्यांची भाषा अशी व्हायची. माझ्याशी ते पुस्तकातलं मराठी बोलायचे, का कोण जाणे — मी इंग्रजी शाळेत जात होते म्हणून असेल.

बाबा नियम पाळायचे. रिकाम्या चौकातसुद्धा सिग्नलला थांबायचे. मागून हॉर्न वाजले तरी हलायचे नाहीत. "दुसऱ्या कुणाची चूक त्याच्या एकट्याची असते," ते म्हणायचे, "आपल्यातल्या एकाची चूक सगळ्यांच्या नावावर लागते." आपण बौद्ध आहोत एवढं मला माहीत होतं; पण ह्या वाक्यातला 'सगळ्यांच्या' मला फार उशिरा कळला.

तेव्हा पुणे-बंगळूर रस्त्याचं काम चाललेलं होतं आणि वेगाच्या मर्यादेचा काही भरवसा नसायचा. गावाजवळ एक, माळावर दुसरी, घाटात तिसरी. गेल्या खेपेला ऐंशी असलेल्या जागी या खेपेला डायव्हर्जन आणि चाळीस. दूधगंगेचा पूल ओलांडला की राज्यच बदलायचं. बोर्डांवर कन्नड यायचं, खाली बारीक इंग्रजी, आणि बाबा सीटवर ताठ व्हायचे. "परमुलूख आहे. इथले नियम वेगळे. नीट वाच हं."

वाच — कारण बोर्ड वाचणं माझं काम होतं. उशिरा शिकल्यामुळे त्यांना रस्ता आणि बोर्ड दोन्ही एकदम जमत नसे, आणि ते तसं मोकळेपणानं सांगत. मी डाव्या सीटवर. बोर्ड दिसला की मी आकडा म्हणायचा, बाबांनी तो परत म्हणायचा, मग पाय ब्रेकवर किंवा ॲक्सिलरेटरवर. "पन्नास." "पन्नास." "ऐंशी." "ऐंशी." मी तशी घुमी. वर्गात हजेरीला 'येस मिस' म्हटलं तरी मिस मान वर करून बघायच्या — आली आहे की नाही? पण गाडीत माझ्या आवाजावर एक मोठा माणूस चालायचा. मला ते आवडायचं. खूप आवडायचं. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

मी दहावीत होते. बेळगावच्या एका शाळेत सामान्यज्ञानाची लेखी स्पर्धा होती आणि आमच्या शाळेतून मी आणि मानसी, अशा दोघी निवडल्या गेल्या होत्या. मानसीकडे दोन गाड्या होत्या, ड्रायव्हर होता. तरी बाबा म्हणाले, मी सोडतो दोघींना. त्यांनी आदल्या दिवशी गाडी धुतली. सीटवर नवे टॉवेल घातले — हिरवे, फुलांचे. मानसी मागं बसली, टॉवेलाकडं बघून हसली, आणि मला त्या टॉवेलांचा राग आला. टॉवेलांचाच आला असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

गोकुळ शिरगावपर्यंत बाबा पन्नासवर होते, कारण बोर्ड पन्नासचा होता. ट्रक पुढं जात होते. एक मोटारसायकलवाला, मागं बायको आणि दुधाची किटली, आमच्या खिडकीशी आला आणि ओरडला, "ओ पावणं, ढकलायला उतरू काय?" बाबा हसले, त्याला हात केला. मानसी मोठ्यानं हसली. मग म्हणाली, "काका, आमचा ड्रायव्हर दीड तासात बेळगाव गाठतो." आणि मला इंग्रजीत, हळूच — तुझे बाबा नेहमी असंच चालवतात का? मी म्हटलं, नाही.

मी नाही म्हटलं. खोट्याची सुरुवात तिथूनच झाली असणार.

पूल ओलांडला. कोगनोळी मागं पडलं. मानसीनं कानात वॉकमन घातला. रस्ता मोकळा होता. मी ऐंशी म्हटलं, बाबांनी ऐंशी म्हटलं, आणि गाडी पहिल्यांदाच गाडीसारखी पळायला लागली. एका टेम्पोला आम्ही मागं टाकलं. मागून मानसी म्हणाली, "वॉव, काका!" बाबांचे कान लाल झाले — आनंदानं. आणि तेवढ्यात मला तो बोर्ड दिसला. लांबून दिसला. लाल गोल, तीस. खाली कन्नड, त्याखाली इंग्रजीत: काम चालू, वळण. मी तो पूर्ण वाचला. सूर्य डोळ्यांवर नव्हता, माझं लक्ष दुसरीकडं नव्हतं. माझ्या तोंडात 'तीस' तयार होतं. मी ते गिळलं.

किती वेळ लागतो एक शब्द बोलायला?

खडीच्या ढिगामागून एक बाई डोक्यावर घमेलं घेऊन रस्त्यावर आली. बाबांनी ब्रेक दाबला, गाडी मुरमावर घसरली, आडवी झाली. बाईनं घमेलं टाकलं आणि मागं पडली. खडी बॉनेटवर तडतडत आली. गाडी तिच्या पायांपाशी थांबली. पायांपाशी म्हणजे अगदी पायांपाशी — तिची एक चप्पल चाकाखाली होती.

कामावरची माणसं धावत आली. मुकादम सगळ्यांत पुढं. "डोळं हायत का बटणं? तीसचा बोर्ड लावलाय न्हवं तितं? वाचाय येतंय का न्हाय तुमास्नी?"

आमच्या घरात पहिल्यांदा वाचायला शिकलेला माणूस हात जोडून उभा होता. "चुकलं," बाबा म्हणाले. "माझंच चुकलं." माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बाई उठून बसली होती, कोपर सोलपटलं होतं. ती रागावली नाही. केस मागं सारत एवढंच म्हणाली, "मेलो असतो की ओ, दादा." बाबांनी निपाणीला दवाखान्यात नेतो म्हटलं तर नको म्हणाली, खाडा पडेल. मग बाबा खाली बसले आणि सांडलेली खडी ओंजळीनं तिच्या घमेल्यात भरायला लागले. चांगल्या पँटमध्ये, गुडघे मातीत टेकून.

"काका काय करतायत?" मानसी म्हणाली.

मला माहीत होतं ते काय करतायत. कुणाच्या घमेल्यात भरतायत तेही माहीत होतं. मी दार उघडलं नाही.

पुढं निघाल्यावर बाबांनी गाडी तीसवरच ठेवली. मग अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "बोर्ड होता, बाळ?" बघा, इथं मला जागा होती. दिसला नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. निदान चूक माझ्याकडं आली असती. मी म्हटलं, "होता. मी सांगितलं तुम्हांला. तुम्ही ऐकलं नाहीत."

मानसीनं कानातून वॉकमन काढला होता. ती हसत म्हणाली, "काका, हिचा आवाज वर्गात पहिल्या बाकावरसुद्धा ऐकू येत नाही." तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं मला वाचवलं. माझा बुजरेपणा माझा साक्षीदार झाला.

"खरं आहे," बाबा म्हणाले. "माझंच लक्ष गेलं."

घरी आल्यावर त्यांनी कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. आईला हायसं वाटलं, बाबांना नाही. कान बरे असून पोरीचा शब्द आपल्याला ऐकू आला नाही, म्हणजे मन ठिकाणावर नाही, असा त्यांनी अर्थ लावला. गाडीत कुणी असलं की ते चालवेनात. मग एकटेही चालवेनात. गाडी दारात उभी राहिली, टायर बसले, शेवटी कबनूरच्या एका माणसाला दिली. रस्ता पुरा झाला तेव्हा आजीनं विचारलं, "गाडी कुटं गेली रं? मला न्हेणार हुतास न्हवं?" बाबा म्हणाले, "माज्या हातात गाडी द्यायची न्हाय आता, आये." आजी तो रस्ता न बघताच गेली. त्या दोघांचं हे बोलणं झालं तेव्हा मी तिथंच होते, ताटं पुसत होते.

एक गोष्ट मला नंतर सुचली. बाबांनी त्या दिवशी 'तीस' परत म्हटलं नव्हतं. आकडा परत आला नाही, तर मी पुन्हा का सांगितला नाही? — हा प्रश्न नियमांच्या माणसाला सुचला नसेल का? त्यांनी तो कधीच विचारला नाही. सुचला नाही, की सुचला आणि त्यांनीही तो गिळला, हे मला माहीत नाही. विहारात आम्ही शेजारी बसून पंचशील म्हणतो. चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझे फक्त ओठ हलतात. कुणाच्या लक्षात येत नाही. माझा आवाज तसाही लहानच.

आता मी नोकरी करते. गेल्या वर्षी गाडी घेतली. बाबा निवृत्त झाले आहेत. कधीतरी रविवारी मी त्यांना निपाणीकडं घेऊन जाते. ते डाव्या सीटवर बसतात, पट्टा दोनदा ओढून बघतात. बोर्ड दिसला की लांबूनच आकडा वाचतात. खणखणीत आवाजात, मला ऐकू यावा म्हणून. मी लगेच परत म्हटला नाही तर पुन्हा वाचतात, आणखी मोठ्यानं, माझ्याकडं वळून.

"तीस."

"तीस," मी म्हणते.